मडावी सरांचे शनिवार

दर जुलैमध्ये आमच्या उपकेंद्रात बायकांचं बीपी अचानक वाढतं. शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले की सातवीत गेलेल्या पोरांच्या आया एकेक करून येतात, दंडाला पट्टा बांधून घेतात आणि पट्ट्यातली हवा उतरायच्या आत विचारतात, "सिस्टर, ते शनिवारचं काय आहे हो? आमचं पोट्टं म्हणते, दुसऱ्याच्या घरी जाऊन पाणी भरा लागते. इतिहासात पाणी कायले भरा लागते?" बीपी सगळ्यांचं ठणठणीत असतं.

मी नर्स आहे, मास्तरीण नाही. इतिहास हा विषय मी शाळेत सनावळ्यांच्या धाकानं कसाबसा काढला. तरी या बाया माझ्याचकडे येतात, कारण त्या शनिवारांवरून गावात सगळ्यात मोठं भांडण मी केलं होतं. जिनं भांडण केलं तिला सगळं ठाऊक, असा त्यांचा हिशेब. मडावी सरांची बदली झाली तरी शाळेनं त्यांचे शनिवार सोडले नाहीत, मग मला दरवर्षी सर सांगत बसावं लागतं. यंदा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमचं गाव अल्लीपूरच्या पुढं. सर आले ते पार कारंजा घाडगेकडून, जंगलाला लागून असलेल्या कुठल्याशा गोंड वस्तीतून. सातवीपर्यंतच्या आमच्या शाळेत इतिहास आणि भूगोल त्यांच्याकडे. बुटका माणूस, केस कापल्यासारखे नव्हे तर कुणीतरी घाईत उपटल्यासारखे, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेचकस. हा पेचकस कशाला, असं पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा सरांनी उत्तर न देता त्यांच्या खुर्चीचा ढिला पाय आवळून दिला. ती खुर्ची चार वर्षांपासून डुगडुगत होती. मुख्याध्यापक नंतर कधी काही विचारायला गेले नाहीत.

कुठल्याही घरात गेले की सरांची नजर आधी मोडकं काय आहे ते शोधायची. कडी, बिजागरी, गॅसच्या शेगडीचं बटण, म्हाताऱ्याच्या चष्म्याची दांडी. हात चालू ठेवून बोलायचं, ही त्यांची सवय. रिकाम्या हातानं बोलायला बसवलं की ते अवघडून जात, घाम पुसत. आणि बोलणं तरी काय, बहुतेक एकच शब्द: "मंग?" तुम्ही काहीही सांगा, गावात पूर आला होता म्हणा, कुणाचा बैल मेला म्हणा, सर मान न वर करता म्हणणार, "मंग?" आणि समोरचा माणूस जे सांगायचं नव्हतं तेही सांगून मोकळा होणार. पोरं त्यांना पाठीमागं मंगसर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

शनिवारची रीत अशी होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सर एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकत. प्रत्येक चिठ्ठीवर गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं नाव. सातवीतलं पोरगं जी चिठ्ठी उचलेल ते त्याचं वर्षभराचं घर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर त्या घरी जायचं आणि जे लागेल ते काम करायचं. सुई ओवून द्या, औषधाच्या गोळ्या वेगळ्या करा, मोबाईलवरचा नातवाचा फोटो मोठा करून दाखवा. प्रश्न एकही विचारायचा नाही. म्हातारं माणूस आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं. वही तिथं उघडायची नाही, घरी येऊन लिहायचं. आणि लिहिलेलं पुढच्या शनिवारी त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो म्हणाला "हे काट", तर काटायचं. मात्र खोडरबर नाही, वर कागद चिकटवणं नाही. एक सरळ रेघ.

पालकांच्या पहिल्याच सभेत या गोष्टीवर रणकंदन झालं. एक बाप उठून म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी पोट्ट्यायची स्कॉलरशिपची परीक्षा हाये. तुमी त्याईले सुया ओवाले लावून राह्यले." सर तेव्हा सभागृहाच्या खिडकीचा खिळा ठोकत होते. तसेच म्हणाले, "पाठ पुस्तकातलेच शिकवतो ना भाऊ, एकही सोडत नाई. पण पुस्तकात जे हाये ते कोणीतरी कोणाले तरी सांगतलं म्हणून हाये. सांगणारं माणूस कसं असते, हे पोट्ट्यायले कुठं दिसंल?" मग खिळा सोडून वळले आणि म्हणाले, "एक करा. पोरगं घरी येऊन काही सांगंल, तं लगेच खरं-खोटं करू नका. अर्धं खोटं असंल तरी चालते. उरलेलं अर्धं पुढच्या शनिवारी येते." त्या बापाचं समाधान झालं नाही. पण खिडकी तेव्हापासून नीट बंद होते, हे त्यालाही मान्य करावं लागलं.

गौरव नावाच्या एका पोराच्या वाट्याला एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर नामदेवबुवा आले. बुवा बोलतच नसत. पोरगं सहा शनिवार त्यांची सायकल पुसत होतं, आणि वहीत लिहीत होतं: "आज आजोबा काही बोलले नाहीत. चहात साखर दोनदा टाकली. मी काही म्हटलं नाही." सर त्या वहीवर खूष. वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, "यानं पाह्यलं. तुमी सगळे ऐकाची घाई करून राह्यले." सातव्या शनिवारी बुवांनी पुसलेल्या सायकलीवर हात ठेवला आणि वर्धा ते पुलगाव एकेक थांबा म्हणायला सुरुवात केली. कुठल्या थांब्यावर सकाळी कोण चढायचं, देवळीला कोणाची टोपली नेहमी आडवी यायची, नाचणगावच्या फाट्यावर गिरणीच्या पाळीची माणसं बस थांबायच्या आत कशी लटकायची. पोराच्या वहीची अकरा पानं भरली. तो पुढं कधी इतिहासात पहिला आला नाही. पण बुवा वारले तेव्हा त्यांच्या मुलानं ती वही झेरॉक्स करून नेली.

ही रीत सरांना सुचली कुठून, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, डी.एड.ला असताना सुट्टीत घरी गेलतो. आजोबाकडे जुन्या गोष्टी खूप, जंगलच्या, देवाच्या. गेल्या गेल्या वही काढली, समोर बसलो, म्हटलं सांग. "म्या वही उघडली आन् त्यानं तोंड मिटलं. त्याले वाटलं, फॉरेस्टचा माणूस आला दंड लिहाले." दोन महिन्यांनी आजोबा गेले. एवढं सांगून सर आमच्या उपकेंद्राच्या वजनकाट्याशी खटपट करायला लागले. त्यांचे डोळे भरले होते, हे मला स्वच्छ दिसलं.

आता माझं भांडण.

माझी मुलगी समीक्षा सातवीत गेली आणि तिनं डब्यातून चिठ्ठी उचलली ती ढगेकाकूंची. ढग्यांचं घर ग्रामपंचायतीसमोर, चाळीस एकरवालं, दारात कॅमेरे, मुलं पुण्याला. काकू एकट्या, ऐंशीच्या पुढच्या. त्याच घराच्या गुरांच्या कोठ्यात माझ्या आईनं, पार्वतानं, बावीस वर्षं शेण काढलं होतं. आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. आईनं तो कोठा झाडला म्हणून मी नर्सिंगचं शिकले, आणि आता माझ्या पोरीनं त्याच दारात जाऊन काम करायचं? माझं डोकंच फिरलं. ड्यूटीचा कोट अंगावर तसाच ठेवून मी शाळेत गेले.

"सर, माझ्या आईनं त्या घरी जेवढं काम केलं तेवढं तीन पिढ्यांना पुरे आहे," मी ओरडलेच. "माझी पोरगी तिथं झाडू मारणार नाही. तुम्हाला तरी हे कळायला पाहिजे होतं."

सर नळाची तोटी बसवत होते. म्हणाले, "काल सरपंच येऊन गेले, सिस्टर. त्याईचा पोरगा तुमच्या विहाराजवळच्या घरी पाणी भरून राह्यला. तेही असेच ओरडले. आज तुमी आल्या. म्हंजे चिठ्ठ्या बरोबर पडल्या म्हनाच्या." मला हसू आलं आणि त्यामुळे आणखीच राग आला. मग ते तोटी खाली ठेवून उभे राहिले. "तुमची गोष्ट सरपंचासारखी नाई, हे मले समजते. चिठ्ठी बदलून देतो. पण समीक्षाले एकदा विचारा."

समीक्षा म्हणाली, "मी जाणार. आजी ज्या घरी काम करायची ते मला आतून पाहायचं आहे." मी चिठ्ठी बदलून घेतली नाही.

गेली. काकूंच्या डोळ्यांत थेंब टाकायची, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचून द्यायची. झाडू काकूंनी तिच्या हाती दिला नाही. पाणी स्टीलच्या पेल्यात द्यायच्या, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं. दिवाळीनंतर एका शनिवारी काकू बोलल्या. आपल्या सासूच्या कडकपणाचं सांगता सांगता म्हणाल्या, कोठ्यात पार्वता होती, तिला प्यायला पाणी सासूबाई वरून ओतायच्या, ओंजळीत, गडवा, म्हणजे तांब्या, लागू न देता. समीक्षानं घरी येऊन ते लिहिलं. पुढच्या शनिवारी वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "हे काट." पोरीनं रेघ मारली.

मी पुन्हा शाळेत. आता तर मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायची धमकीच दिली. "ती ओळ खरी आहे सर. ती माझ्या आईची ओळ आहे. ती खोडायचा त्या बाईला काय अधिकार?"

"ओळ काकूनं सांगतली, म्हणून काकूची हाये," सर म्हणाले. "रेघ राहील. तुमच्यासाठी एक नियम आन् त्याईच्यासाठी दुसरा, असं मले करता येत नाई. तुमच्या आईची ओळ तुमच्या आईपाशी असंल. त्याईले कोणी विचारलं काय?"

"आई त्यातलं काही बोलत नाही."

"काऊन?"

"मला काय माहीत," मी म्हटलं आणि निघाले. ते खोटं होतं. मला चांगलं माहीत होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरचे हिंगणघाटचे, शिकलेले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, "कोणी विचारलं तर शेतीचं काम करत होते एवढंच सांगजो. शेणाचं, कोठ्याचं बोलू नको." आई "बरं" म्हणाली. तेव्हापासून कुणीही तिला जुनं काही विचारलं की ती आधी माझ्याकडे पाहायची आणि मग म्हणायची, "शेतीचं काम." उपकेंद्राच्या डॉक्टरांना, जावयाला, नातीलाही. ढगेकाकूंनी एक ओळ खोडली म्हणून मी शाळा डोक्यावर घेतली होती, आणि आईच्या बावीस वर्षांवर मी स्वतः रेघ मारून बसले होते. तीही खालचं काही दिसू नये अशी. हे मी सरांना सांगितलं नाही. पण मला वाटतं, त्या "काऊन"नंतर मी जशी निघाले त्यावरून त्यांना कळलं असावं. ते गाढव नव्हते.

त्यांनी समीक्षाला काकूंच्या जोडीला दुसरं घर दिलं. चिठ्ठीवर तिच्या स्वतःच्या आजीचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, घरचं माणूस म्हणून सूट नाही. आधी काम.

तीन शनिवार पोरगी आजीच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. मी स्वयंपाकघरातून बघायचे. चौथ्या शनिवारी मी ड्यूटीवर होते, आणि आई बोलली. म्हणजे मी घरात नव्हते म्हणून बोलली, असं साधं आहे ते. आठवड्यानं समीक्षानं तिला वाचून दाखवलं तेव्हा मी घरात होते. वाचून झालं. आई म्हणाली, "ठेवाचं का काटाचं, हे तुह्या मायले विचार."

पोरगी वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच वही घेतली. त्यात पहाटेचं थंड शेण होतं, बाळंत झाल्यावर तेराव्या दिवशी कामावर गेल्याचं होतं, मी झोळीत रडत असल्याचं होतं. पाण्याचंही होतं: "त्या घरी मले वरून पाणी देत. म्या ओंजळ धरायची." कोण ओतायचं, त्याचं नाव नव्हतं. तव्यावरची भाकरी जळाली. मी बाहेर आले आणि आईला म्हटलं, "ठेव. सगळं ठेव." आणि तिच्यासमोर बसून मी रडले, ते इथं लिहायला मला लाज वाटत नाही.

दर फेब्रुवारीत एका शनिवारी शाळेच्या मैदानात या वह्यांचं वाचन असायचं. म्हातारी माणसं पुढं, गाव मागं. सर कधी समोर बसत नसत. त्या दिवशी शेवटच्या सतरंजीवर बसून माईकची वायर जोडत होते. समीक्षानं आधी ढगेकाकूंची वही वाचली. खोडलेल्या ओळीपाशी पोरांनी थांबायचं आणि सांगायचं, "इथं एक ओळ खोडली आहे," असा सरांचा नियम होता. ती थांबली, म्हणाली आणि पुढं गेली. काकू खुर्चीत ताठ बसून होत्या. मग तिनं आजीची वही उघडली. माझी आई खाली सतरंजीवर, पदर डोक्यावर. पाण्याची ओळ आली, वाचून झाली, आणि समीक्षा पुढच्या ओळीला लागणार तोच खुर्चीतून आवाज आला.

"थांब वं पोरी."

सगळं मैदान वळलं. काकू आईकडे पाहत होत्या. "नाव काऊन नाई घेतलं तुनं, पार्वता? सासू नाई ओतत होती. सासूच्या हातानं गडवा उचलत नव्हता. मीच ओतत होती. सासूचं नाव म्या उगीच पुढं केलं."

सर सतरंजीवरून उठले, पुढं आले, आणि काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसून हळूच म्हणाले, "काकू, हे लिहू द्याचं काय तिले?"

"लिहू दे," काकू म्हणाल्या. "आन् काटू नको म्हणा."

दोघी म्हाताऱ्या गळ्यात पडल्या वगैरे काही झालं नाही. आईनं मान हलवली, तेवढंच. नंतर चहा झाला, पोरांनी बिस्किटं पळवली. घरी येताना आई म्हणाली, "मले माहीत होतं ना. पण वयस्कर बाई हाये, चारचौघांत कायले." मला हे सुचलं नसतं. मी नाव घेतलं असतं, दोनदा घेतलं असतं.

मे महिन्यात सरांच्या बदलीचा आदेश आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मैदानातला झोपाळा राहिलाय दुरुस्त करायचा, म्हणाले, आणि शेवटचा दिवस त्यात घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला पंधरावीस माणसं फाट्यावर गेली. मी आईला घेऊन गेले. तिनंच हट्ट धरला होता, आणि गुडघे दुखत असताना पूर्ण वाट चालली. सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमही आल्या होत्या, वर्ध्याच्या, तरुण. बस आली. सर चढले, खिडकीपाशी बसले. सामान म्हणजे एक बॅग आणि हत्यारांची पिशवी. मला त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. "बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या," एवढंच निघालं. ते हसले.

ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता, तेवढ्या वेळात काहीतरी बोलायचं म्हणून मॅडमनी आईला विचारलं, "आजी, तुम्ही काय काम करायच्या?"

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"ढग्याच्या घरी कोठ्यात शेण काढत होती, बाई," आई मोठ्यानं म्हणाली. "बावीस वर्ष. ही पोरगी तेवढ्यात शिकवली. नर्स हाये." मग तिनं मॅडमच्या मनगटाला धरलं आणि पहाटेपासून सांगायला सुरुवात केली. ड्रायव्हर चढला, घंटी वाजली, बस हलली. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. सरांनी हलवला नाही. वळणापर्यंत ते खिडकीतून वाकून ऐकतच होते. बस दिसेनाशी झाल्यावरही आई सांगत होती, आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.